सदतीस

आज सकाळी उणे एकोणीस.
औलूची खाडी गोठलेली, तिच्यावरून
सायकलींच्या चाकोऱ्या थेट पलीकडे गेलेल्या.
कॉफीचा दुसरा मग घेऊन मी बसले
वेइयोच्या फाइलपुढे.

अकराशे ओळी, आणि काम एकच:
एक वाढता ॲरे सांभाळायचा.
कागदाच्या कारखान्यातून मापं येतात,
ओलावा, जाडी, ताण,
एकाला खेटून एक बसतात, शून्यापासून मोजत.

एका फंक्शनचं नाव 'नीट-लाव'.
आत पाहिलं तर ते काही लावत नाही,
नुसतं मोजतं आणि परत येतं. नाव सोनूबाई.
शेजारी तात्पुरता, तात्पुरता-दोन,
तात्पुरता-दोन-खरा,
एक ना धड.
दुपारपर्यंत ही खोगीरभरतीच उपसत होते.
दर दहा ओळींनी चाचण्या चालवायच्या,
हिरवं दिसलं की श्वास सोडायचा.

मग मुख्य दुखणं.
जागा संपली की हा ॲरे
आणखी सदतीस खोल्या मागतो. नेमक्या सदतीस.
म्हणजे दर सदतीस पाहुण्यांमागे
अख्खं बिऱ्हाड उचलायचं,
अंथरुणं-पांघरुणं, डबे-बरण्या, सगळं क्रमवार
नव्या घरात मांडायचं,
जुनं झाडून मालकाला परत करायचं,
की पुन्हा दारात पाहुणे.
दुप्पट मागावी, पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल.
दुप्पट मागितली की हलणं क्वचित,
आणि त्या हलण्याचा शीण सगळ्यांत वाटला जातो
इतका पातळ
की कुणाच्याच अंगावर येत नाही.

त्यात एक फंक्शन जुनाच पत्ता धरून बसलेलं.
बिऱ्हाड हललंय हे त्याला कुणी कळवलंच नाही.

आणि सगळ्यांत वाईट हे:
नवी किल्ली मागताना
वेइयो जुनी हातातून आधीच सोडतो.
नवी मिळाली तर ठीक.
नाही मिळाली तर संसार दाराच्या आत
आणि आपण बाहेर, बर्फात.
तीस वर्षं मिळत गेली, एवढंच.

वर एक शेरा, मार्च चौऱ्याण्णवचा:
'सदतीसला हात लावू नये. वे.'

फोन केला. तो खाडीवरच होता, कुठेतरी
बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेला.
सदतीसच का? मी विचारलं.
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
मग म्हणाला:
मशीन चारवर एका पाळीत सदतीस रिळं निघायची.
सदतिसावं उतरलं की पाळी बदलायची,
मशीन पाच मिनिटं मोकळं.
तेवढ्यात हलवून घ्यायचं सगळं.
कागद धावत असताना हलवायला घेतलंस
तर तो थांबतो होय तुझ्यासाठी?

मी गप्प.
दोन तास मी ज्याला आळस म्हणत होते
तो घड्याळ बघून केलेला हिशेब होता.

आता? मी विचारलं.
आता काय, मशीन चार भंगारात गेलं.
पुसून टाक.
आणि किल्लीचं?
ते चुकलंच, तो म्हणाला, चटकन,
आणि मग, थांब, मासा लागलाय.

संध्याकाळपर्यंत दोनशे चाळीस ओळी उरल्या.
दुप्पट केलं.
नवी किल्ली आधी वेगळ्या हातात घेतली,
दार उघडतंय पाहिलं, मगच जुनी सोडली.
पत्ते तिथल्या तिथे विचारून घ्यायला लावले.
सदतीस पुसला.
बदलाच्या नोंदीत मात्र लिहिलं:
सदतीस म्हणजे मशीन चारची एक पाळी.
चूक नव्हती. संपली.

तपासताना ओन्नीनं विचारलं, मशीन चार कुठलं?
मी खिडकीबाहेर बोट दाखवलं.
तिथे आता गाड्या उभ्या असतात,
कडेला लोटलेल्या बर्फाचा ढीग, पिवळ्या दिव्याखाली.
त्यानं पाहिलं. बरं, म्हणाला,
आणि पडद्याकडे वळून:
बाविसाव्या ओळीत एक जागा जास्त सुटलीय.